‘सस्टेनेबल कॉटन’ म्हणजे नेमकं काय? टी-शर्टच्या टॅगमागची कापसाची साखळी समजून घ्या

मॉलमधल्या किंवा ऑनलाइन दुकानातल्या साध्या टी-शर्टवरही हल्ली एक हिरवा टॅग लटकलेला दिसतो. ‘सस्टेनेबल कॉटन’, ‘ऑरगॅनिक’, ‘रिसायकल्ड’, ‘जबाबदारीने पिकवलेला कापूस’ असं काहीतरी त्यावर छापलेलं असतं. टॉवेल, बेडशीट, लहान मुलांचे कपडे, कापडी पिशव्या यांच्यावरही हेच शब्द असतात.

ते वाचून बहुतेकांचा समज होतो की, एखाद्या शेतात वेगळ्या पद्धतीने कापूस पिकवला, तो शेवटपर्यंत वेगळा ठेवला आणि त्याच कापसाचा हा टी-शर्ट शिवला. काही वेळा असं खरंच घडतं. पण अनेकदा टी-शर्टमधला कापूस इतर कुठल्याही कापसासारखाच असतो, आणि तरीही टॅगवरचा दावा नियमात बसतो.

हे कसं शक्य आहे? मोठे ब्रँड असा कापूस मिळवतात कसा? त्यासाठी जास्त मोजलेले पैसे शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात का? आणि ग्राहक म्हणून टॅगवर किती विश्वास ठेवायचा?

कापसाचीच एवढी चर्चा का?

रोजच्या वापरातल्या नैसर्गिक धाग्यांमध्ये कापूस सर्वांत जास्त वापरला जातो. त्यात महाराष्ट्राचा संबंध थेट आहे. कापसाखालचं सर्वाधिक क्षेत्र असलेल्या राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला येतो. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातली लाखो कुटुंबं या पिकावर अवलंबून आहेत आणि इथला बहुतांश कापूस कोरडवाहू आहे.

सोशल मीडियावर एक आकडा कायम फिरत असतो, एका टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागतं. हा जगभराची सरासरी धरून काढलेला अंदाज आहे. पावसावर येणाऱ्या विदर्भातल्या कापसाला तो जसाच्या तसा लावता येत नाही, कारण तिथे पिकाला मिळणारं बहुतेक पाणी थेट पावसाचं असतं. ‘सेंद्रिय कापसाला ९१ टक्के कमी पाणी लागतं’ हा दावाही असाच गाजला. त्यावर आक्षेप असा होता की, अभ्यासातला सेंद्रिय कापूस मुख्यतः पावसावरच्या भागातला होता. पाण्यातला फरक सेंद्रिय पद्धतीमुळे किती आणि पावसामुळे किती, हे त्यातून वेगळं कळत नव्हतं.

विदर्भापुरता मोठा प्रश्न फवारणीचा आणि खर्चाचा आहे. २०१७ च्या खरीप हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा मृत्यू झाला. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. संरक्षक साधनं नव्हती, पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली होती आणि वेगवेगळी कीटकनाशकं एकत्र करून फवारली जात होती. त्यामुळे ‘चांगल्या पद्धतीने पिकवलेला कापूस’ या शब्दांमागे जमिनीइतकाच माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहे.

ब्रँड कापूस विकत घेतच नाहीत

इथे पहिली अडचण येते. कपडे विकणारी कंपनी सहसा कापूस विकत घेत नाही. ती तयार कपड्यांची ऑर्डर देते. मधली साखळी साधारण अशी असते:

- शेतकरी वेचलेला कापूस गावात आलेल्या खासगी व्यापाऱ्याला, बाजार समितीत किंवा सीसीआयच्या खरेदी केंद्रावर विकतो.
- जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी होते. रुईच्या गाठी बांधल्या जातात.
- सूतगिरणी गाठी घेऊन सूत काढते.
- त्या सुताचं कापड विणलं जातं, मग रंगवलं जातं.
- कपडे शिवणारा कारखाना ते कापड घेऊन टी-शर्ट बनवतो.
- शेवटी तो माल ब्रँडकडे आणि तिथून दुकानात जातो.

यातले टप्पे अनेकदा वेगवेगळ्या राज्यांत किंवा देशांत असतात. यवतमाळची रुई तमिळनाडूत सूत होऊ शकते, त्या सुताचा टी-शर्ट बांगलादेशात शिवला जाऊ शकतो आणि तो युरोपात विकला जाऊ शकतो.

आता मिसळ कुठे होते ते पाहा. भारतात रुईची एक गाठ १७० किलोची असते. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, म्हणजे एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. जिनिंगच्या आवारात अनेक शेतकऱ्यांचा कापूस एकाच ढिगात पडतो. पुढे सूतगिरणीत धाग्याचा दर्जा एकसारखा राहावा म्हणून अनेक गाठींची रुई मुद्दाम एकत्र केली जाते. एकदा सूत निघालं की, त्यातला कुठला तंतू कोणाच्या शेतातला हे नुसत्या डोळ्यांनी सांगणं अशक्य आहे.

म्हणून ब्रँडला ‘चांगला’ कापूस हवा असेल, तर दोन गोष्टी कराव्या लागतात. शेतात काय घडलं याची कोणीतरी खात्री द्यावी लागते, आणि तो कापूस पुढच्या प्रत्येक टप्प्यावर कसा मोजला गेला याची नोंद ठेवावी लागते. टॅगवरचे वेगवेगळे शब्द म्हणजे ही दोन कामं करण्याच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत.

पहिला मार्ग: सेंद्रिय कापूस

सेंद्रिय कापसात रासायनिक खतं, रासायनिक कीटकनाशकं आणि जनुकीय बदल केलेलं बियाणं वापरता येत नाही. भारतात यासाठी ‘एनपीओपी’ हा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. तो केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतली ‘अपेडा’ ही संस्था राबवते. कापूस जिनिंगमध्ये शिरल्यानंतर ‘जीओटीएस’ या आंतरराष्ट्रीय मानकाचे नियम लागू होऊ शकतात. या मानकानुसार उत्पादनावर ‘ऑरगॅनिक’ असं लेबल लावायचं तर किमान ९५ टक्के तंतू सेंद्रिय असावे लागतात. ‘सेंद्रिय तंतूंपासून बनवलेलं’ असं म्हणायला किमान ७० टक्के लागतात. रंग, रसायनं, सांडपाणी आणि कामगारांची स्थिती यांचेही नियम त्यात आहेत.

छोट्या शेतकऱ्याला एकट्याने प्रमाणपत्राचा खर्च परवडत नाही. त्यामुळे २५ ते ५०० शेतकऱ्यांचा गट करून गटाचं प्रमाणन करता येतं. गटाने सगळ्या सदस्यांच्या नोंदी ठेवायच्या आणि बाहेरच्या प्रमाणन संस्थेने त्यातले काही निवडून तपासायचे, अशी ही पद्धत आहे.

शेतकऱ्यासमोरच्या अडचणी तीन आहेत.

पहिली अडचण बियाण्याची. २००२ मध्ये भारतात बीटी कापूस आला आणि आज देशातल्या कापसाच्या क्षेत्रापैकी ९० टक्क्यांहून जास्त क्षेत्र बीटीखाली आहे. चांगलं बिगर-बीटी बियाणं वेळेवर मिळणं कठीण असतं. शेजारच्या शेतातून किंवा जिनिंगमधून बीटीची भेसळ होण्याचाही धोका असतो.

दुसरी अडचण वेळेची. रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळताना किमान दोन वर्षांचा रूपांतर काळ पूर्ण करावा लागतो. या काळात उत्पादन घटू शकतं, पण माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येत नाही.

तिसरी अडचण उत्पादनाची. मध्य प्रदेशातल्या निमाड भागात २००७ पासून सुरू झालेल्या एका दीर्घकालीन प्रयोगात सेंद्रिय आणि पारंपरिक कापसाची शेजारी-शेजारी तुलना केली गेली. पहिल्या दोन वर्षांत सेंद्रिय कापसाचं उत्पादन सुमारे २९ टक्क्यांनी कमी आलं. २००९-१० च्या पुढच्या फेरीत दोन्हींचं उत्पादन जवळपास सारखं होतं, पण त्याचं कारण पारंपरिक शेतातलं उत्पादनच त्या फेरीत घटलं होतं. सुरुवातीची वर्षं शेतकऱ्याला जड जातात, हे यातून स्पष्ट दिसतं.

या सगळ्यामुळे जगातल्या एकूण कापसात सेंद्रिय कापसाचा वाटा एक-दीड टक्क्याच्या आसपासच राहिला आहे.

दुसरा मार्ग: ‘बेटर कॉटन’

जगभर लाखो टी-शर्ट विकणाऱ्या कंपनीला एवढ्याशा सेंद्रिय कापसावर भागवता येत नाही. त्यामुळे मोठ्या ब्रँडनी मधला रस्ता काढला. २००५ मध्ये वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर या संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या चर्चेतून ‘बेटर कॉटन इनिशिएटिव्ह’ उभं राहिलं. आयकिया, एच अँड एम, आदिदास, गॅप यांसारख्या कंपन्या सुरुवातीपासून त्यात होत्या. २०१०-११ च्या सुमारास भारतासह चार देशांत याचा पहिला कापूस निघाला. आज जगातल्या कापसापैकी पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्त कापूस या योजनेत येतो.

बेटर कॉटन म्हणजे सेंद्रिय कापूस नव्हे. यात बीटी बियाणं चालतं, रासायनिक खतं आणि कीटकनाशकंही चालतात. फवारणी कमी आणि गरजेपुरती करणं, अतिविषारी औषधं टाळणं, पाणी आणि माती जपणं, बालमजुरी न होऊ देणं यावर भर असतो. शेतकऱ्यांना गावपातळीवर प्रशिक्षण दिलं जातं आणि ब्रँड जेवढा कापूस आपल्या नावे नोंदवतात, त्या प्रमाणात शुल्क भरतात. त्या शुल्कातून हे प्रशिक्षण चालतं. मात्र शेतकऱ्याला बाजारभावापेक्षा जास्त दर मिळेलच, अशी हमी यात नसते. त्याचा फायदा मुख्यतः खर्च कमी होण्यातून येईल, अशी अपेक्षा असते.

आयकियाने २०१५ पासून आपल्या सगळ्या उत्पादनांतला कापूस ‘अधिक शाश्वत स्रोतांतून’ येत असल्याचं जाहीर केलं. एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे जमलं, त्यात बेटर कॉटनसारख्या योजनेचा मोठा वाटा आहे.

दूध डेअरीच्या टाकीचं गणित

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. टी-शर्टमधला कापूस नेहमीचाच असूनही टॅगवरचा दावा नियमात कसा बसतो?

गावातल्या दूध संकलन केंद्राचं उदाहरण घ्या. समजा, दहापैकी तीन शेतकरी ठरवून दिलेल्या चांगल्या पद्धतीने गायी सांभाळतात. सगळ्यांचं दूध एकाच टाकीत पडतं. त्यात १०० लिटरपैकी ३० लिटर दूध या तिघांचं आहे. केंद्राने ३० लिटर दूध ‘चांगल्या पद्धतीचं’ म्हणून विकलं, तर हिशोब चोख आहे. पण एका विशिष्ट पिशवीत त्या तिघांच्याच गायींचं दूध आहे का, हे कोणीच सांगू शकत नाही.

बेटर कॉटन सुरुवातीपासून याच पद्धतीने चालत आलं आहे. याला ‘मास बॅलन्स’ म्हणजे वजनाचा ताळमेळ म्हणतात. जिनिंगनंतर कापूस इतर कापसात मिसळला तरी चालतो, फक्त नोंदीतलं वजन जुळलं पाहिजे.

या पद्धतीचा फायदा खरा आहे. वेगळी गोदामं, वेगळ्या मशीन लागत नाहीत, खर्च कमी राहतो आणि जास्त शेतकरी योजनेत येऊ शकतात. मर्यादाही तितकीच खरी आहे. ग्राहकाला वाटतं, माझ्या टी-शर्टमध्ये तोच कापूस आहे. ब्रँडचा दावा मात्र एवढाच असतो की, आम्ही तेवढ्या वजनाच्या कापसासाठी पैसे दिले.

२०२३ च्या अखेरीस बेटर कॉटनने वेगळा ठेवलेला, माग काढता येणारा कापूसही उपलब्ध करून दिला. त्यातून मुख्यतः कापूस कोणत्या देशातला आहे हे कळतं. नेमकं गाव किंवा शेतकरी समजत नाही.

कापसाखेरीज इतर वस्तूंमध्येही हेच प्रकार चालतात. ते लक्षात ठेवले, तर बरेच टॅग समजायला सोपे जातात:

- मूळ ओळख राखलेला माल: एका ठिकाणचा माल शेवटपर्यंत वेगळा. सर्वांत महाग, सर्वांत खात्रीचा.
- वेगळा ठेवलेला माल: अनेक प्रमाणित शेतांचा माल एकमेकांत मिसळतो, पण अप्रमाणित माल त्यात येत नाही. सेंद्रिय कापूस या गटात येतो.
- मास बॅलन्स: प्रमाणित आणि अप्रमाणित माल मिसळतो, वजनाचा हिशोब जुळतो.
- फक्त क्रेडिट: माल कुठूनही घ्या, प्रमाणित उत्पादकाकडून तेवढ्या वजनाचं क्रेडिट विकत घ्या.

साबण आणि बिस्किटांमधल्या पाम तेलासाठी असलेल्या ‘आरएसपीओ’ या मानकात हे चारही प्रकार आहेत. वही, टिश्यू पेपर किंवा फर्निचरवर ‘एफएससी’चं चिन्ह असतं. त्यात ‘१०० टक्के’, ‘मिक्स’ आणि ‘रिसायकल्ड’ असे वेगळे शिक्के असतात. चिन्ह एकच असलं तरी त्यांचा अर्थ वेगळा आहे.

तिसरा मार्ग: रिसायकल्ड

वापरलेल्या कपड्यांपासून किंवा कारखान्यातल्या कात्रणांपासून पुन्हा सूत काढणं हा तिसरा मार्ग. हरयाणातलं पानिपत हे याचं जगातलं एक मोठं केंद्र आहे. परदेशातून आलेले जुने कपडे तिथे रंगांनुसार वेगळे करून, फाडून, पिंजून त्यांचं सूत काढलं जातं. त्यापासून ब्लँकेट आणि इतर वस्तू बनतात.

कापूस पुन्हा पिंजला की त्याचे तंतू आखूड होतात. त्यामुळे मजबूत सूत हवं असेल, तर त्यात नवा कापूस किंवा पॉलिस्टर मिसळावं लागतं. ‘रिसायकल्ड कॉटन’च्या टॅगवर टक्केवारी पाहणं म्हणूनच महत्त्वाचं ठरतं. ‘ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड’चं चिन्ह ग्राहकाला दाखवायचं असेल, तर वस्तूत किमान ५० टक्के पुनर्वापरित माल असावा लागतो.

‘रिसायकल्ड पॉलिस्टर’ची गोष्ट वेगळी आहे. ते जवळपास सगळं प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनतं. जुन्या कपड्यांपासून बनलेल्या पॉलिस्टरचं प्रमाण अगदी नगण्य आहे. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. बाटलीचा टी-शर्ट झाला की, त्याचा पुन्हा टी-शर्ट होणं आज तरी फारसं घडत नाही.

कागदावर कापूस वाढतो तेव्हा

ऑक्टोबर २०२० मध्ये जीओटीएसने भारतातला एक मोठा घोटाळा जाहीर केला. सुमारे २० हजार टन कापूस बनावट कागदपत्रांवर ‘सेंद्रिय’ म्हणून पुढे गेला होता. ११ कंपन्यांवर बंदी घालण्यात आली.

हे घडलं कसं? सेंद्रिय माल एका टप्प्यावरून पुढे जाताना प्रत्येक वेळी ‘व्यवहार प्रमाणपत्र’ लागतं. कोणी, कोणाला, किती वजन विकलं, हे त्यावर असतं. या प्रकरणात कच्च्या कापसाची प्रमाणपत्रंच बनावट होती. खात्री करून घ्यायला त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला, तर सरकारी संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल असलेलं पान उघडत होतं.

२० हजार टन म्हणजे किती? एका टी-शर्टला वाया जाणारी रुई धरून पाव किलो रुई लागते असं मानलं, तर सुमारे आठ कोटी टी-शर्ट. हे कपडे घेणाऱ्यांनी सेंद्रिय म्हणून जास्त पैसे मोजले. प्रत्यक्ष सेंद्रिय शेती करणाऱ्या शेतकऱ्याला मात्र त्यातलं काहीच मिळालं नाही. उलट स्वस्तातला बनावट माल बाजारात आला की, खऱ्या मालाचा भाव पडतो.

मागणी झपाट्याने वाढते, शेतातला पुरवठा वाढायला किमान दोन-तीन वर्षं लागतात आणि तपासणी मुख्यतः कागदांची होते. या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात, तिथे असे प्रकार घडायला जागा मिळते.

टी-शर्टमध्ये शेतकऱ्याचे किती?

एक सोपा हिशोब करता येतो. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, म्हणजे किलोला सुमारे ८१ रुपये. पाव किलो रुईसाठी साधारण पाऊण किलो कापूस लागतो. त्याचे झाले सुमारे ६० रुपये. बियाणं, खत, फवारणी आणि वेचाईची मजुरी हा सगळा खर्च या ६० रुपयांतूनच भागवायचा असतो.

आता समजा, सेंद्रिय कापूस पिकवण्यासाठी शेतकऱ्याला १० टक्के जादा दर द्यायचा ठरवलं. एका टी-शर्टमागे वाढ होते सहा रुपये. टी-शर्ट ५०० रुपयांचा असो की १,५०० रुपयांचा, कच्च्या मालासाठी लागणारी वाढ एवढीच आहे. तपासणी, कागदपत्रं आणि माल वेगळा ठेवण्याचा खर्च त्यावर येतो. तरीही दुकानात ‘ऑरगॅनिक’ टी-शर्ट शेकडो रुपयांनी महाग असेल, तर त्या फरकाचं कारण शेतकऱ्याचा दर नक्कीच नाही.

प्रश्न असा आहे की, ते सहा रुपये सहा-सात हातांमधून मागे जात शेतापर्यंत पोहोचतात का. ब्रँडने जादा पैसे शिलाई कारखान्याला दिले, तर मधला प्रत्येक जण त्यातला आपला वाटा ठेवू शकतो. म्हणून काही कंपन्यांनी साखळीचं शेवटचं टोक थेट पकडलं.

मध्य प्रदेशातल्या निमाडमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रेमाई या स्वित्झर्लंडच्या सूत व्यापारी कंपनीने ‘बायोरे’ प्रकल्प सुरू केला. स्वित्झर्लंडमधली कोऑप ही मोठी दुकानसाखळी त्याची मुख्य ग्राहक बनली. यात शेतकऱ्यांना खरेदीची हमी, बाजारभावापेक्षा जास्त दर आणि शेतीविषयक मार्गदर्शन दिलं गेलं. विदर्भ, तेलंगणा आणि ओडिशात २००४ पासून काम करणाऱ्या ‘चेतना ऑरगॅनिक’ने शेतकऱ्यांचे गट बांधून त्यांना थेट ब्रँडशी जोडण्याचा प्रयत्न केला. २०१६ मध्ये स्थापन झालेली ‘ऑरगॅनिक कॉटन ॲक्सेलरेटर’ ही संस्थाही ब्रँड आणि शेतकरी गट यांची पेरणीच्या आधीच सांगड घालते, आणि जादा दर शेतकऱ्यापर्यंत पोहोचला का हे तपासते. काही ब्रँड रूपांतर काळातला कापूसही जादा दराने घेऊ लागले आहेत.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. कापूस वेचून झाल्यावर प्रमाणपत्र शोधत फिरण्याऐवजी खरेदीदार पेरणीआधी शब्द देतो, तोही काही वर्षांसाठी. त्यामुळे जोखीम एकट्या शेतकऱ्यावर राहत नाही.

कायदे काय म्हणतात?

ब्रँडच्या दाव्यांवर आता सरकारी यंत्रणांचंही लक्ष आहे.

- सप्टेंबर २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या ग्राहक आणि बाजार प्राधिकरणाने एच अँड एम आणि डिकॅथलॉन यांच्या शाश्वततेच्या दाव्यांवर आक्षेप घेतला. दावे पुरेसे स्पष्ट नसल्याचं प्राधिकरणाचं म्हणणं होतं. दोन्ही कंपन्यांनी दावे बदलण्याचं मान्य केलं आणि शाश्वततेच्या कामांसाठी अनुक्रमे ५ लाख आणि ४ लाख युरो देण्याची तयारी दाखवली.
- अमेरिकेत जून २०२२ पासून शिनजियांग प्रांतातल्या मालावर कडक कायदा लागू आहे. त्या मालात सक्तीची मजुरी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आयात करणाऱ्यावर आहे. चीनचा बहुतांश कापूस याच प्रांतातून येतो. त्यामुळे कापूस नेमका कुठला, हे सांगता येणं ब्रँडसाठी व्यापाराची गरज बनलं.
- युरोपीय संघाच्या नव्या नियमांनुसार पुराव्याशिवाय ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ असे मोघम दावे करता येणार नाहीत. हे नियम लागू होण्याची तारीख २७ सप्टेंबर २०२६ आहे.
- भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगविरोधी मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. पर्यावरणाबाबतच्या दाव्याला स्पष्टीकरण आणि पडताळता येईल असा पुरावा हवा, असं त्यात म्हटलं आहे.

भारत सरकारने ‘कस्तुरी कॉटन भारत’ हा ब्रँडही आणला आहे. यात जिनिंगमध्येच प्रत्येक गाठीला क्यूआर कोड लावून पुढचा प्रवास नोंदवला जातो. त्याचा मुख्य भर रुईच्या दर्जावर आहे. कस्तुरीचा शिक्का आहे म्हणजे कापूस सेंद्रिय आहे, असा अर्थ होत नाही.

मग टॅग वाचायचा कसा?

कपडा, टॉवेल किंवा बेडशीट घेताना हे पाच प्रश्न उपयोगी पडतात:

१. मानकाचं नाव आहे का? ‘नॅचरल’, ‘कॉन्शस’, ‘पर्यावरणपूरक’ हे नुसते शब्द आहेत. जीओटीएस, ओसीएस, जीआरएस यांसारखं नाव असेल, तर दावा तपासता येतो.

२. टक्केवारी किती? ‘ऑरगॅनिक कॉटन असलेला’ म्हणजे ५ टक्के की ९५ टक्के, हे लिहिलेलं असायला हवं.

३. परवाना क्रमांक आहे का? जीओटीएसच्या लेबलवर प्रमाणन संस्थेचं नाव आणि क्रमांक असतो. तो जीओटीएसच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः जाऊन शोधता येतो. टॅगवरचा क्यूआर कोड स्कॅन करण्यापेक्षा हे जास्त खात्रीचं आहे.

४. माल या वस्तूत आहे की हिशोबात? ‘आम्ही अमुक योजनेला पाठबळ देतो’ असं वाक्य असेल, तर तो बहुधा मास बॅलन्स आहे. तो वाईट नाही, पण त्यासाठी सेंद्रिय कापसाची किंमत मोजण्याचं कारण नाही.

५. शेतकऱ्याबद्दल काय सांगितलंय? किती वर्षांचा खरेदी करार आहे, जादा दर दिला जातो का, कोणत्या भागातला कापूस आहे, ही माहिती ब्रँडच्या संकेतस्थळावर आहे का ते पाहा. नसेल तर कमेंटमध्ये किंवा मेसेज करून विचारा. हेच प्रश्न अनेक ग्राहकांकडून येऊ लागले, की ब्रँडला उत्तरं तयार ठेवावी लागतात.

या पाचांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. पुढच्या जूनमध्ये कुठलं बियाणं पेरायचं आणि किती फवारण्या करायच्या, हे शेतकरी मुख्यतः आपला कापूस कोण घेणार आणि काय भावाने घेणार यावरून ठरवतो. टी-शर्टमागे सहा रुपये जादा द्यायला तयार असलेला खरेदीदार त्याला पेरणीआधी दिसला, तर टॅगवरचे शब्द खरे ठरण्याची शक्यता वाढते.